वास्तवाचा प्रश्न प्रयोगशाळेत: पुंजयामिकीच्या अर्थाविषयीच्या वादाचा इतिहास (१९२५–२०२२)

प्रास्ताविक

पदवीच्या वर्गात पुंजयामिकी, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्स, शिकताना विद्यार्थी श्रोडिंगरचे समीकरण सोडवायला शिकतो. पेटीतील कण, हायड्रोजनचा अणू अशी उदाहरणे तो करतो आणि त्याची उत्तरे प्रयोगाशी जुळतात. पण “या समीकरणातील तरंगफलन म्हणजे प्रत्यक्षात नेमके काय?” असे कोणी विचारले, तर बहुधा उत्तर मिळते की तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, भौतिकशास्त्राचा नाही.

हे उत्तर कोठून आले? भौतिकशास्त्र कोठे संपते आणि तत्त्वज्ञान कोठे सुरू होते ही रेषा कोणी आखली? ती एकाच जागी राहिली का? या पाठात आपण या प्रश्नांकडे इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. जो प्रश्न सुमारे तीस वर्षे ‘निव्वळ तत्त्वज्ञान’ म्हणून बाजूला ठेवला गेला, त्यातूनच पुढे प्रयोगशाळेत तपासता येईल असे एक विधान निघाले, आणि त्या प्रयोगांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा प्रवास कसा घडला हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे. पाठ समजण्यासाठी उच्च गणिताची गरज नाही. तत्त्वज्ञानाच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही तो वाचता येईल.

१. पार्श्वभूमी: सिद्धांत आधी, अर्थ नंतर

विज्ञानात पुष्कळदा आधी एखादी कल्पना असते आणि मग तिला गणिताचे रूप मिळते. पुंजयामिकीत क्रम जवळजवळ उलटा होता. १९०० साली प्लांक यांनी ऊर्जेच्या पुंजांची कल्पना मांडली, १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी ती प्रकाशाला लावली आणि १९१३ मध्ये निल्स बोर यांनी तिच्या आधारे अणूची प्रतिकृती तयार केली. तरीही १९२५ पर्यंत सुसंगत असा सिद्धांत हाती नव्हता. त्या वर्षी वेर्नर हायझेनबर्ग यांनी इलेक्ट्रॉनच्या कक्षेचे चित्र सोडून दिले. जे मोजता येते, म्हणजे वर्णपटातील रेषांची वारंवारता आणि तीव्रता, तेवढ्यावरच त्यांनी आपली मांडणी उभी केली. १९२६ च्या पूर्वार्धात एर्विन श्रोडिंगर यांनी अगदी वेगळ्या वाटेने, तरंगांच्या भाषेत, दुसरी मांडणी केली. दोन्ही मांडण्यांतून उत्तरे तीच येतात हेही लवकरच दिसून आले.

आता प्रश्न उभा राहिला. श्रोडिंगर यांच्या समीकरणातील तरंग कशाचा? पाण्याचा तरंग पाण्यात उठतो, ध्वनीचा हवेत. इथे काय हलते? १९२६ मध्येच माक्स बोर्न यांनी यावर उत्तर सुचवले. तरंगफलनाच्या वर्गावरून एखादा कण एखाद्या ठिकाणी सापडण्याची संभाव्यता मिळते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. हा नियम आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे आणि प्रयोगात तो कधीही चुकलेला नाही.

मात्र संभाव्यता म्हटले की आणखी एक प्रश्न निघतो. नाणे उडवताना छाप की काटा याची संभाव्यता आपण सांगतो, ती आपल्याला नाण्याच्या गतीची पूर्ण माहिती नसते म्हणून. इलेक्ट्रॉनच्या बाबतीतही आपल्याला न दिसणारे काही तपशील आहेत का? की निसर्गातच तसे तपशील नाहीत? पुढच्या शंभर वर्षांच्या वादाचे बीज या प्रश्नात आहे.

२. ब्रुसेल्स, १९२७

ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्रुसेल्स येथे पाचवी सोल्वे परिषद भरली. विषय होता ‘इलेक्ट्रॉन आणि फोटॉन’. प्लांक, आइन्स्टाइन, बोर, मारी क्युरी, हायझेनबर्ग, श्रोडिंगर, बोर्न, पाउली, डिरॅक, डी ब्रॉग्ली हे सारे तेथे होते. त्याच वर्षी हायझेनबर्ग यांनी अनिश्चिततेचे तत्त्व मांडले होते: कणाचे स्थान आणि संवेग या दोन्ही राशी एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे सांगता येत नाहीत. सप्टेंबरमध्ये इटलीतील कोमो येथील व्याख्यानात बोर यांनी पूरकतेची कल्पना मांडली होती.

पूरकता म्हणजे काय? एका प्रकारच्या प्रयोगात प्रकाश तरंगासारखा वागतो, दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगात कणासारखा. दोन्ही चित्रे आवश्यक आहेत, पण एकाच प्रयोगात दोन्ही वापरता येत नाहीत. बोर यांच्या मते, उपकरणाचा उल्लेख न करता ‘इलेक्ट्रॉन खरोखर कसा आहे’ असे विचारण्याला स्पष्ट अर्थच उरत नाही. उपकरण आणि सूक्ष्म वस्तू मिळून जी घटना घडते, तिचेच वर्णन आपण करू शकतो.

आइन्स्टाइन यांना हे मान्य नव्हते. परिषदेच्या काळात त्यांनी अनिश्चिततेच्या तत्त्वाला छेद देणारे एकामागून एक कल्पनाप्रयोग मांडले आणि बोर यांनी प्रत्येकातील त्रुटी दाखवली. १९३० च्या पुढच्या परिषदेतही हेच घडले. त्या वेळी आइन्स्टाइन यांनी मांडलेल्या ‘प्रकाशाच्या पेटी’ला उत्तर देताना बोर यांनी आइन्स्टाइन यांच्याच सामान्य सापेक्षतेचा आधार घेतला. ‘बोर जिंकले, आइन्स्टाइन हरले’ ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा याच प्रसंगांवर बेतलेली आहे.

याच १९२७ च्या परिषदेत आणखी एक गोष्ट घडली होती, ती अनेक पाठ्यपुस्तकांत येत नाही. फ्रान्सचे लुई डी ब्रॉग्ली यांनी तिसराच मार्ग सुचवला होता. त्यांच्या मांडणीत कण खराखुरा असतो, त्याला निश्चित स्थान असते आणि तरंग त्याला वाट दाखवतो. पाउली यांनी त्यावर टीका केली, इतरांकडून पाठिंबा मिळाला नाही आणि डी ब्रॉग्ली यांनी थोड्याच काळात ही कल्पना सोडून दिली. म्हणजे पर्याय मुळात नव्हते असे नाही. ते मांडले गेले आणि मागे पडले.

३. आइन्स्टाइन यांचा खरा आक्षेप

देव फासे खेळत नाही, या आशयाचे आइन्स्टाइन यांचे उद्गार इतके प्रसिद्ध आहेत की त्यांचा आक्षेप यदृच्छेलाच होता असा समज झाला आहे. पण त्यांचे लेखन आणि पत्रे पाहिली तर त्यांच्या मनात याहून खोल असे दोन मुद्दे दिसतात. पहिला मुद्दा वास्तववादाचा: कोणी पाहो वा न पाहो, जग काहीएक प्रकारे असतेच आणि विज्ञानाने त्याचे वर्णन केले पाहिजे. दुसरा मुद्दा स्थानिकतेचा: येथे केलेल्या कृतीचा परिणाम दूरच्या ठिकाणच्या वस्तूच्या खऱ्या स्थितीवर तत्क्षणी होऊ शकत नाही.

पहिल्या मुद्द्यावर त्यांची भारतातील एका मोठ्या विचारवंताशी चर्चा झाली होती. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळील कापुट येथे आइन्स्टाइन यांच्या घरी रवींद्रनाथ टागोर त्यांना भेटले. सत्य माणसापासून स्वतंत्र असते का, हा त्या संवादाचा गाभा होता. सत्याचा विचार मानवी चैतन्याला वगळून करता येत नाही, अशी टागोर यांची भूमिका होती. आइन्स्टाइन यांनी मानवनिरपेक्ष सत्यावरची आपली श्रद्धा सांगितली आणि ती आपल्याला सिद्ध करता येत नाही हेही मान्य केले. टागोर यांची भूमिका पुंजयामिकीतून आलेली नव्हती, त्यामुळे ती बोर यांच्या भूमिकेसारखीच होती असे म्हणता येणार नाही. पण वास्तववाद आइन्स्टाइन यांच्यासाठी किती मूलभूत होता हे या संवादातून दिसते.

मे १९३५ मध्ये आइन्स्टाइन, बोरिस पोडोल्स्की आणि नेथन रोझेन या तिघांचा केवळ चार पानांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये आला. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तो ‘ईपीआर’ निबंध म्हणून ओळखला जातो. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा:

• दोन कण एकत्र येऊन परस्परक्रिया करतात आणि मग एकमेकांपासून दूर जातात.
• पुंजयामिकीनुसार पहिल्या कणाचे स्थान मोजले तर दुसऱ्याचे स्थान त्याला हात न लावता निश्चितपणे सांगता येते. पहिल्याचा संवेग मोजला तर दुसऱ्याचा संवेगही तसाच सांगता येतो.
• पहिल्या कणावर आपण काय मोजले याचा दूरच्या दुसऱ्या कणावर परिणाम होणे शक्य नसेल, तर दुसऱ्या कणाकडे दोन्ही राशी आधीपासूनच असल्या पाहिजेत.
• पण पुंजयामिकीच्या वर्णनात या दोन्ही राशी एकत्र नसतात. म्हणून हे वर्णन अपूर्ण आहे.

निष्कर्ष नीट वाचावा. पुंजयामिकी चूक आहे असे येथे म्हटलेले नाही. ती अपूर्ण आहे, एवढेच म्हटले आहे. त्याच वर्षी बोर यांनी त्याच शीर्षकाने उत्तर प्रसिद्ध केले. पहिल्या कणावर यांत्रिक स्वरूपाचा कोणताही परिणाम दुसऱ्यावर होत नाही हे त्यांनी मान्य केले. मात्र कोणते मापन करायचे हे ठरले की दुसऱ्या कणाविषयी कोणती विधाने करता येतील याच्या अटीही ठरतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे उत्तर समजायला अवघड आहे आणि त्याचा नेमका अर्थ काय यावर तत्त्वज्ञ आजही चर्चा करतात. पण बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी ‘बोर यांनी उत्तर दिले आहे’ एवढ्यावर समाधान मानले आणि ते आपापल्या कामाला लागले.

४. मांजर आणि मापनाची समस्या

ईपीआर निबंध वाचून श्रोडिंगर यांनी १९३५ मध्येच लेख लिहिले. अशा जोडीतील कणांच्या अवस्थेला त्यांनी जे नाव दिले त्याला आपण ‘गुंफण’ म्हणू. गुंफलेल्या जोडीचे एकत्र वर्णन पूर्ण असते, पण जोडीतील प्रत्येक घटकाचे स्वतंत्र पूर्ण वर्णन नसते. श्रोडिंगर यांना पुंजयामिकीचे सर्वांत खास लक्षण हेच वाटले.

त्यांच्या प्रसिद्ध मांजराचा जन्मही याच लेखनात झाला. बंद पेटीत एक मांजर, किंचित किरणोत्सारी पदार्थ आणि विषाची कुपी आहे. तासाभरात एका अणूचा ऱ्हास झाला तर कुपी फुटते आणि मांजर मरते. अणूचे वर्णन ‘ऱ्हास झाला’ आणि ‘झाला नाही’ यांच्या अध्यारोपणाने होत असेल, तर समीकरण जसेच्या तसे लावल्यावर मांजराचे वर्णनही तसेच होईल.

हे उदाहरण ‘मांजर खरोखर एकाच वेळी जिवंत आणि मृत असते’ हे पटवण्यासाठी दिलेले नाही. असे मानणे विचित्र आहे, म्हणून वर्णनातच काहीतरी उणे असले पाहिजे, हे त्यांना दाखवायचे होते. यामागच्या प्रश्नाला ‘मापनाची समस्या’ म्हणतात. पुंजयामिकीत बदलाचे दोन नियम आहेत. मापन होत नसताना तरंगफलन समीकरणानुसार सलगपणे बदलते. मापन झाले की ते एकदम एका उत्तरापाशी ‘कोसळते’. मग मापन म्हणजे नेमके काय? उपकरणही अणूंचेच बनलेले आहे. त्याला पहिला नियम लागू का होत नाही? दोन नियमांमधील सीमा कोठे आखायची, याचे उत्तर सिद्धांत स्वतः देत नाही.

५. प्रश्न बाजूला कसा पडला

१९३५ ते १९६४ हा काळ या वादातील शांततेचा काळ मानला जातो. या शांततेची कारणे अनेक होती. पहिले कारण सिद्धांताचे यश. रेणू, घन पदार्थ, अणुकेंद्र या सर्वांना तो लागू पडत होता, आणि काम भरपूर होते. दुसरे कारण युद्ध. दुसऱ्या महायुद्धानंतर भौतिकशास्त्राचे केंद्र युरोपातून अमेरिकेकडे सरकले, वर्ग मोठे झाले आणि आकडेमोडीला प्राधान्य मिळाले. तिसरे कारण एक गणिती सिद्धता.

१९३२ च्या आपल्या ग्रंथात जॉन फॉन नॉयमान यांनी असे दाखवल्याचे मानले गेले, की पुंजयामिकीच्या तळाशी ‘अव्यक्त चल’ असूच शकत नाहीत. अव्यक्त चल म्हणजे आपल्याला न दिसणारे, पण निकाल आधीच ठरवणारे तपशील. या सिद्धतेतील एक गृहीतक समर्थनीय नाही, हे जर्मन गणितज्ञ व तत्त्वज्ञ ग्रेटे हेरमान यांनी १९३५ मध्येच लिहून प्रसिद्ध केले होते. त्या एमी नोएथर यांच्या विद्यार्थिनी. त्यांचा लेख एका तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात आला आणि भौतिकशास्त्रज्ञांनी त्याची दखल जवळजवळ घेतली नाही. तीच त्रुटी तीस वर्षांनी पुन्हा स्वतंत्रपणे शोधावी लागली.

सिद्धतेने जे अशक्य ठरवले होते, ते १९५२ मध्ये डेव्हिड बोम यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. डी ब्रॉग्ली यांची सोडून दिलेली कल्पना त्यांनी पूर्णत्वाला नेली. त्यात कणांना नेहमीच निश्चित स्थान असते आणि तरीही पुंजयामिकीचीच उत्तरे मिळतात. बोम त्या वेळी ब्राझीलमध्ये होते. अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी चौकशीत साक्ष द्यायला नकार दिल्यामुळे त्यांच्यावर खटला झाला. ते निर्दोष सुटले, पण प्रिन्स्टन विद्यापीठाने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. त्यांच्या सिद्धांताला मिळालेला प्रतिसादही थंडच होता.

१९५७ मध्ये ह्यू एव्हरेट यांनी आणखी एक धाडसी मार्ग सुचवला. तरंगफलन कधी कोसळतच नाही, सर्व शक्य निकाल घडतात आणि निरीक्षकही त्यांच्याबरोबर विभागला जातो. पुढे या मांडणीला ‘अनेक विश्वे’ हे नाव पडले. एव्हरेट त्याआधीच विद्यापीठीय संशोधन सोडून संरक्षण खात्याच्या कामाकडे वळले होते.

या तीन उदाहरणांवरून एक गोष्ट दिसते. प्रश्न विचारणारे होते, त्यांच्याकडे नेमके युक्तिवादही होते. पण ते युक्तिवाद भौतिकशास्त्राचा भाग मानले जात नव्हते. ‘कोपनहेगन अर्थान्वयन’ हे एकसंध वाटणारे नावसुद्धा १९५० च्या दशकात हायझेनबर्ग यांच्या लेखनातून रूढ झाले. बोर आणि हायझेनबर्ग यांची मते प्रत्यक्षात अनेक मुद्द्यांवर वेगळी होती.

६. बेल यांचा प्रश्न

जॉन बेल १९२८ साली बेलफास्ट येथे जन्मले. १९६० पासून ते जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत होते. त्यांचे रोजचे काम कणभौतिकी आणि त्वरित्रांच्या रचनेचे. पुंजयामिकीचा पाया हा त्यांनी फावल्या वेळात जोपासलेला विषय. बोम यांचे निबंध वाचून फॉन नॉयमान यांच्या सिद्धतेत काहीतरी चुकते आहे हे त्यांनी ओळखले. त्याच वेळी त्यांना बोम यांच्या सिद्धांतात एक खटकणारी गोष्ट दिसली: एका कणावरील मापनाचा दूरच्या कणावर तत्क्षणी परिणाम होतो. मग त्यांनी विचारले, हा दोष बोम यांच्या सिद्धांताचा की अशा कोणत्याही सिद्धांताचा? १९६४ मध्ये ‘फिजिक्स’ नावाच्या एका नव्या, अल्पायुषी नियतकालिकात त्यांचे उत्तर आले.

त्यांचा युक्तिवाद एका सोप्या रूपात पाहू. दोन विद्यार्थी दोन वेगळ्या खोल्यांत बसले आहेत. त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. प्रत्येकाला क, ख, ग या तीन प्रश्नांपैकी कोणताही एक प्रश्न विचारला जातो. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यायचे. अनेक फेऱ्यांनंतर असे दिसते, की दोघांना एकच प्रश्न विचारला तर उत्तरे नेहमी सारखीच येतात. यावरून आपण काय म्हणू? खोलीत जाण्याआधी प्रत्येक फेरीसाठी तिन्ही उत्तरे दोघांनी ठरवून घेतली आहेत. ईपीआर निबंधातील निष्कर्षही याच प्रकारचा होता.

आता वेगवेगळे प्रश्न विचारू. ठरवलेली उत्तरे तीन आहेत आणि पर्याय दोनच. म्हणून तिघांपैकी निदान दोन उत्तरे सारखी असणारच. क–ख, ख–ग, क–ग या तीन जोड्यांपैकी किमान एका जोडीत तरी उत्तरे जुळतील. म्हणजे प्रश्न यादृच्छिकपणे निवडले तर, उत्तरे कशीही ठरवलेली असली तरी, वेगवेगळ्या प्रश्नांच्या फेऱ्यांत उत्तरे जुळण्याचे प्रमाण सरासरीने एकतृतीयांशापेक्षा कमी असू शकत नाही. ही बेल यांच्या असमानतेची एक सोपी आवृत्ती आहे. तिच्यात पुंजयामिकीचा संबंध कोठेच आलेला नाही.

आता विद्यार्थ्यांच्या जागी गुंफलेले दोन फोटॉन घ्या आणि प्रश्नांच्या जागी ध्रुवण मोजणाऱ्या गाळणीचे ०°, ६०° आणि १२०° असे तीन कोन. फोटॉन गाळणीतून पार गेला तर ‘हो’, नाही तर ‘नाही’. पुंजयामिकीनुसार योग्य प्रकारे गुंफलेल्या जोडीत दोन्हीकडचा कोन एकच असेल तर निकाल नेहमी जुळतात. कोन वेगळे असतील तर जुळण्याचे प्रमाण कोनांतील फरकाच्या कोसाइनच्या वर्गाइतके असते. ६०° किंवा १२०° साठी ते एकचतुर्थांश येते. एकचतुर्थांश हे एकतृतीयांशापेक्षा कमी आहे.

या छोट्या फरकात सारे सामावले आहे. उत्तरे आधी ठरलेली असतील आणि दोन्ही बाजूंमध्ये कोणताही प्रभाव जात नसेल, तर पुंजयामिकीचे भाकीत खरे ठरूच शकत नाही. बोर आणि आइन्स्टाइन यांच्यातील मतभेदाचा एक भाग आता आकड्यांत आला होता. आकडा आला की तो मोजता येतो.

७. प्रयोगशाळेत

बेल यांच्या निबंधाकडे पहिली काही वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९६९ मध्ये जॉन क्लाउझर, मायकेल हॉर्न, अ‍ॅबनर शिमोनी आणि रिचर्ड होल्ट यांनी असमानतेला प्रत्यक्ष प्रयोगाला योग्य असे रूप दिले. शिमोनी हे भौतिकशास्त्राबरोबरच तत्त्वज्ञानाचेही प्राध्यापक होते. १९७२ मध्ये बर्कली येथे स्टुअर्ट फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या फोटॉनच्या जोड्यांवर पहिला प्रयोग केला. निकाल पुंजयामिकीच्या बाजूने लागला. तरीही या विषयावर काम केल्यामुळे क्लाउझर यांना विद्यापीठात कायम प्राध्यापकपद मिळणे अवघड झाले.

फ्रान्समधील तरुण संशोधक आलँ आस्पे १९७५ मध्ये आपली प्रयोगाची कल्पना घेऊन बेल यांना भेटले. बेल यांनी आधी विचारले, तुमची नोकरी कायम आहे ना? ही आठवण आस्पे यांनी स्वतः सांगितली आहे, आणि त्या काळी हा विषय करिअरच्या दृष्टीने किती धोक्याचा होता हे तिच्यावरून कळते. १९८१–८२ मध्ये पॅरिसजवळच्या ऑर्से येथे आस्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन प्रयोग केले. १९६९ च्या रूपात असमानतेची मर्यादा २ आहे. त्यांच्या एका प्रयोगात मोजलेली किंमत सुमारे २.७० आली, पुंजयामिकीने सांगितलेलीही तेवढीच होती. तिसऱ्या प्रयोगात फोटॉन प्रवासात असतानाच मापनाची दिशा बदलण्याची सोय केली होती, म्हणजे एका बाजूची निवड दुसरीकडे वेळेत ‘कळू’ शकू नये.

पळवाटा तरीही शिल्लक होत्या. सगळे फोटॉन पकडले जात नव्हते. पकडलेले नमुने फसवे असतील तर? अंतर आणि वेळ यांची काटेकोर अटही एकाच प्रयोगात पूर्ण करायची होती. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील दोन इलेक्ट्रॉनांवर झालेल्या प्रयोगात या दोन्ही प्रमुख पळवाटा एकाच वेळी बंद झाल्या. त्याच वर्षी ऑस्ट्रिया आणि अमेरिकेतील गटांनी फोटॉन वापरून तसेच निकाल दिले. २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आस्पे, क्लाउझर आणि आन्टोन त्साइलिंगर यांना मिळाले. बेल १९९० मध्येच निवर्तले होते.

८. काय ठरले, काय ठरले नाही

प्रयोगांनी आइन्स्टाइन यांना खोटे ठरवले असे एका वाक्यात सांगितले जाते. ते पुरेसे अचूक नाही. प्रयोगांनी एक विशिष्ट जोडी नाकारली: निकाल ठरवणारे तपशील कणांबरोबर असतात आणि दूरचा प्रभाव नसतो, हे दोन्ही एकत्र खरे असू शकत नाही. या जोडीतील काय सोडायचे हे प्रयोग सांगत नाही. आज मुख्यतः पुढील पर्याय उरतात.

• बोम यांच्या वाटेने जाणारे स्थानिकता सोडतात आणि कणांचे निश्चित वास्तव राखतात.
• एव्हरेट यांच्या वाटेने जाणारे ‘मापनाला एकच निकाल असतो’ हे गृहीतक सोडतात.
• बोर यांच्या परंपरेतील विचारवंत म्हणतात की तरंगफलन हे जगाचे चित्र नसून आपल्या अपेक्षांचे किंवा प्रायोगिक परिस्थितीचे वर्णन आहे.
• गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये समीकरणातच बदल सुचवला. तरंगफलनाचे कोसळणे ही खरीखुरी भौतिक घटना असून ती अधूनमधून आपोआप घडते, असे ते मानतात. या पर्यायाची भाकिते थोडी वेगळी असल्याने तो प्रयोगाने तपासता येतो.

यांपैकी प्रत्येक पर्यायाला काही ना काही किंमत मोजावी लागते. कोणती किंमत परवडणारी हे ठरवताना साधेपणा, स्पष्टता आणि सापेक्षता सिद्धांताशी सुसंगती असे निकष वापरावे लागतात. ‘नुसती आकडेमोड करा’ ही भूमिकाही या यादीबाहेर नाही. विज्ञानाने भाकिते करावीत, जगाचे वर्णन करण्याची गरज नाही, असे म्हणणे हे विज्ञानाच्या हेतूविषयीचे एक तत्त्वज्ञानच आहे. तत्त्वज्ञानात त्याला साधनवाद म्हणतात.

९. दोन गैरसमज

विद्यार्थ्यांना बाहेर वारंवार ऐकू येणारे दोन निष्कर्ष येथे तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिला: गुंफणीमुळे प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवता येतो. हे खरे नाही. प्रत्येक बाजूला दिसणारी ‘हो’ आणि ‘नाही’ यांची मालिका यादृच्छिक असते. दोन्ही याद्या नेहमीच्या मार्गाने एकत्र आणून ताडून पाहिल्यावरच संबंध दिसतो.

दुसरा: पुंजयामिकीने हे सिद्ध केले की मनच जग निर्माण करते, आणि हे आपल्या प्राचीन ग्रंथांत आधीच सांगितले होते. मापनासाठी मन लागते असे मानणारे काही भौतिकशास्त्रज्ञ होऊन गेले, पण वर दिलेल्या बहुतेक अर्थान्वयनांत मनाला कोणतीही खास जागा नाही. प्रयोगांनी ते सिद्ध केलेले नाही. श्रोडिंगर यांना वेदान्ताविषयी खरी आस्था होती आणि त्यांनी त्यावर लिहिलेही. पण १९२६ च्या त्यांच्या निबंधांतील युक्तिवाद डी ब्रॉग्ली यांच्या कल्पनेवर आणि हॅमिल्टन यांनी दाखवलेल्या प्रकाशिकी व यामिकी यांच्यातील साम्यावर उभा आहे. वेदान्ताचा अभ्यास वेदान्त म्हणून करावा. भौतिकशास्त्राचे प्रमाणपत्र त्याला लागत नाही.

समारोप

या इतिहासातून ‘तत्त्वज्ञान श्रेष्ठ की भौतिकशास्त्र’ असा निकाल काढणे योग्य होणार नाही. ईपीआर निबंधातील प्रश्न तात्त्विक होता, बेल यांनी त्याला गणिती रूप दिले, क्लाउझर आणि आस्पे यांनी उपकरणे उभारली. यांपैकी एक दुवा जरी निखळला असता तरी साखळी पुढे गेली नसती. गुंफणीकडे आज पुंजसंगणन आणि सुरक्षित संदेशवहन यांचे साधन म्हणून पाहिले जाते. १९३५ मध्ये ती एका अपूर्णतेचे लक्षण म्हणून पुढे आली होती.

या वाटचालीत जे गमावले त्याचीही नोंद घ्यायला हवी. हेरमान यांचा लेख वाचला गेला असता, बोम यांच्या निबंधांवर खुली चर्चा झाली असती, तर बेल यांचा प्रश्न कदाचित आधी विचारला गेला असता. कोणता प्रश्न वैज्ञानिक आणि कोणता नाही, हे बरेचदा त्या काळच्या साधनांवर, संस्थांवर आणि सवयींवर ठरते. मापनाची समस्या आजही सुटलेली नाही. ती कायम तत्त्वज्ञानाच्या बाजूलाच राहील की तिच्यातूनही एखादा मोजता येणारा आकडा निघेल, हे ती विचारत राहणाऱ्यांवर अवलंबून आहे.

विचारासाठी प्रश्न

१. ‘अपूर्ण’ आणि ‘चुकीचा’ यांत काय फरक आहे? ईपीआर निबंधाच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. तीन प्रश्नांच्या उदाहरणात विद्यार्थ्यांना कोणते प्रश्न विचारले जाणार हे आधीच माहीत असते, तर एकतृतीयांशाची मर्यादा टिकली असती का? कारण द्या.
३. साधनवादाची भूमिका घेणाऱ्या संशोधकाने १९६४ मध्ये बेल यांचा प्रश्न विचारला असता का? आपले मत युक्तिवादासह मांडा.
४. आपल्या अभ्यासविषयातील असा एक प्रश्न शोधा, जो आज ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ मानला जातो. तो कोणत्या परिस्थितीत तपासण्याजोगा होईल?